पिवळी खूण आणि लाल काट

मित्रांनो, मला दोन तोंडं आहेत, हे आधीच सांगून टाकते. एक लाल, दुसरं निळं. ठाण्यातल्या एका छोट्या छापखान्यातली मी जुनी पेन्सिल. तिथे पुस्तकं छापत नसत, नाना तऱ्हेचे फॉर्म छापत.

माझ्या बाई म्हणजे वासंतीबाई. डोंबिवलीहून यायच्या आणि आल्या आल्या पर्समधून चष्मा आणि मला बाहेर काढायच्या. प्रूफ तपासायचं त्यांचं काम. त्यांचा नियम पक्का होता. चूक असेल तिथे लाल. शंका असेल तर समासात निळ्याने लिहायचं आणि त्याभोवती गोल काढायचा. गोलातलं छापायचं नाही, विचारायचं. उत्तर मिळालं की गोलावर लाल काट. एक गोल जरी तसाच राहिला, तरी प्रूफ मशीनवर चढायचं नाही. खिळे जुळवणारा आमचा कंपोझिटर पोपट म्हणायचा, बाईंचं प्रूफ हातात आलं की डोकं घरी ठेवून यावं. हे कौतुक बाईंचं, पण मला वाटायचं माझंच.

ब्याण्णव साली मात्र माझ्या सुखाला दृष्ट लागली. नवा मच्छीबाजार बांधून झाला होता आणि मासे विकणाऱ्या बायकांना तिथे ओटे मिळणार होते. त्याचा अर्ज छापायला मासेवाल्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी दामाजीभाऊ आले. त्यांच्या खिशात एक जाडजूड पिवळा पेन होता, जावयाने दुबईहून आणलेला. अक्षरावरून फिरवला तर अक्षर झाकत नाही, उलट उजळतं! सगळा छापखाना गोळा झाला. वासंतीबाईंनीसुद्धा कॅलेंडरच्या मागे रेघ ओढून पाहिली आणि म्हणाल्या, किती गोड रंग आहे हो. इतक्या वर्षांत मला कुणी गोड म्हटलं नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ना टोक, ना धार, नुसता मिरवायला आलेला मेला!

पहिल्या प्रुफावर दामाजीभाऊंनी सोसायटीचं नाव आणि शेवटची तारीख पिवळी केली. ती ठळक टाइपात हवी होती. पोपटाने विचारून घेतलं आणि पिवळं म्हणजे ठळक, असं मनात पक्कं केलं.

दुसरं प्रूफ आलं. अर्जात खाली एक ओळ होती, 'पतीची सही आवश्यक'. ही ओळ मासे विकणाऱ्या कलावतीबाईंच्या मुळावर आली होती. त्यांचा नवरा पाच वर्षांपूर्वी गेला, तेव्हापासून त्या बाजाराच्या दाराशी ओल्या जमिनीवर पाटी मांडून बसत. ओटा मिळाला तर आताच, स्वतःच्या नावावर, नाहीतर जन्मभर तीच ओली जमीन. सोसायटीच्या सभेत त्या उभ्या राहिल्या, बोलल्या, आणि ओळ काढायचं ठरलं.

दामाजीभाऊंनी ती ओळ पिवळी केली आणि काढायची म्हणून बाईंना सांगितलं. त्यावर लाल काट मारायला बाईंनी मला उचललं. मित्रांनो, माझ्या डोक्यात राख गेली. त्याने झळकायचं आणि मी त्याच्यामागून उष्टी काढायची? बाईंनी जोर दिला आणि मी टोक मोडून घेतलं. मुद्दाम. खोटं कशाला बोलू?

मला तासायला पत्ती शोधली, सापडेना. निळं चालणार नव्हतं, कारण निळं म्हणजे शंका. बाईंना निघायची घाई, बहिणीच्या मुलीचा साखरपुडा होता खडवलीला. एवढं पिवळं केलंय, कळेल पोपटला, असं म्हणून त्या गेल्या. मी मनात म्हटलं, बघू या आता याच्या रंगाची करामत.

दोन दिवसांनी बाई आल्या तेव्हा तीनशे अर्ज छापून तयार होते, आणि थोडे वाटूनही झाले होते. ती ओळ जागच्या जागी होती, आणि कशी? ठळक, काळीकुट्ट, सगळ्या अर्जात उठून दिसणारी. पोपटाची काय चूक? पिवळं म्हणजे ठळक. दामाजीभाऊ कपाळाला हात लावून बसले. मला तर उकळ्या फुटत होत्या. बरी जिरली पिवळ्याची!

तेवढ्यात कलावतीबाई आल्या. हातात अर्ज होता. कुणीतरी तो त्यांना वाचून दाखवला होता. त्या ओरडल्या नाहीत, नुसतं बाईंसमोर कागद ठेवून म्हणाल्या, "बाय, माजा दादला जाऊन पाच वर्सं झाली. त्याची सही मी कुठून आनू?"

माझ्या उकळ्या तिथल्या तिथे विरल्या. अर्ज द्यायला एकच दिवस उरला होता, नवे छापायला वेळ नव्हता. बाईंनी मला तासलं आणि बसल्या. वाटलेले अर्जही माघारी मागवले. एकेका अर्जावर त्या लाल काट मारायच्या आणि शेजारी दामाजीभाऊ बारीक सही करायचे, कारण सहीशिवाय खाडाखोड कुणी मानत नाही. तीनशे वेळा! दुपारपर्यंत मी अर्धी झाले. या वेळी मी टोक मोडू दिलं नाही. पिवळा टोपण लावून पडून होता, आणि मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पहिला अर्ज कलावतीबाईंना दिला. त्यांनी त्या काटेवर बोट ठेवलं, शेजारची सही निरखली आणि विचारलं, "दामाजी, म्हंजे माज्या दादल्याच्या जागी आता तुजी सही का रं?"

दामाजीभाऊ कानापर्यंत लाल झाले. सगळे पोट धरून हसले, कलावतीबाई हसता हसता पदराने डोळे पुसत होत्या. मग वासंतीबाईंनी मला कपाळाला लावलं आणि म्हणाल्या, ही होती म्हणून आज निभावलं. ज्या कौतुकासाठी मी जळत होते ते असं समोर आलं, आणि मला ते घेववेना. टोक मी मुद्दाम मोडलं होतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं ना.

म्हणून तुम्हाला सांगते, मित्रांनो. खूण केलीत तर तिच्याजवळ काय करायचं तेही लिहा, रंगाच्या भरवशावर राहू नका. आणि कुणाचा हेवा वाटला तर खुशाल वाटू द्या, पण त्याचं उट्टं हातातल्या कामावर काढू नका. ज्याच्यावर तुम्ही जळता त्याला त्याचं काही होत नाही, ओल्या जमिनीवर बसावं लागतं ते कलावतीबाईंना.