कालवणात शेवया

अमेरिकेत, क्लीव्हलंडच्या बकाय रस्त्यावर हंगेरीची आठवण काढायला आम्हाला फारशी सवड नसे, कारण निम्मी हंगेरी तिथेच येऊन राहिली होती. खाटीक आपला, शिंपी आपला, पाद्री आपला आणि भांडणंही आपलीच. ती भांडायला हक्काची जागा म्हणजे आमचा क्लब. पहिल्या महायुद्धाआधी लोखंडाच्या ओतशाळेतल्या कामगारांनी तो काढला. परक्या देशात कुणी मेलं तर खांदा द्यायला आपली चार माणसं असावीत, एवढाच मूळ हेतू. पत्ते, नाच, नाटकं नंतर आली, कारण माणसं ठरल्याप्रमाणे मरेनात.

मी सुतार. मला सगळे बेर्ची म्हणतात. क्लबाचे अध्यक्ष ओडन बोद्नार म्हणजे माझ्या बायकोचे, तेर्काचे, थोरले भाऊ. डॅन्यूबकाठचा माणूस, मिशा पिळदार आणि स्वभावही तसाच. स्वयंपाकघर विल्माबाई चोन्का यांच्या ताब्यात. बाई विधवा, तिसा नदीकाठच्या. आता आमच्याकडे डॅन्यूबकाठी माशाच्या लालभडक कालवणात शेवया घालून खातात, आणि तिसाकाठी शेवया घालणाऱ्याला माणसात धरत नाहीत. हे दोघांनाही ठाऊक असल्यामुळे क्लबात वर्षानुवर्षं मासा शिजला नव्हता.

अठ्ठावन्न सालच्या शरदात कुणीतरी शहरालगतच्या सरोवरातून टोपलीभर मासे आणले आणि घात झाला. विल्माबाईंनी कालवण केलं. वास रस्त्याच्या टोकापर्यंत गेला. वाढण्याआधी बाई स्वच्छ अॅप्रन घालायला आत गेल्या, तेवढ्यात आमच्या मेहुण्यांनी घरून उकडून आणलेल्या शेवया पातेल्यात ओतल्या.

बाई आल्या, पळीने ढवळलं, थांबल्या. हे कुणी केलं म्हणून विचारलं.

"मी," ओडन उठून म्हणाले. "आत्ता कुठे ते खाण्यालायक झालंय."

बाईंनी अॅप्रन सोडला आणि ओडनच्या खांद्यावर टाकला. "मग यापुढचंही तुम्हीच शिजवा, अध्यक्ष."

दुसऱ्या दिवशी सभा झाली. सभेत शेवयांचं नावही कुणी काढलं नाही. सगळे तत्त्वावर बोलले. वीस वर्षांपूर्वीच्या नाटकात राजाचं काम कुणाला मिळायला हवं होतं, हेही निघालं. शेवटी क्लब दोन झाले आणि सभागृहाच्या मधोमध लाकडी भिंत घालायचं काम माझ्याकडे आलं.

"घाला भिंत," तेर्का म्हणाली. ती विल्माबाईंच्या बाजूची. "पण मग जेवायलाही दादाकडेच जा."

भिंत उभी राहिल्यावर लक्षात आलं, की स्वयंपाकघर बाईंच्या बाजूला गेलंय आणि संडास ओडनच्या बाजूला. मला ते आधीच दिसलं होतं, पण सुताराला कुणी विचारत नाही. तिकडचे खाऊनपिऊन अवघडले, इकडचे उपाशी बसले. दोन्हीकडून निरोप आले आणि भिंतीत मी एक दार पाडून दिलं.

दार झालं, तरी बाईंची पंचाईत संपली नाही. ओडन शत्रू असले तरी जुन्या वळणाचे. बाई दारातून येताना दिसल्या की पत्ते खाली ठेवून उठायचे, टाचा जुळवून वाकायचे आणि आमच्याकडच्या रीतीने म्हणायचे, "हस्तचुंबन, बाईसाहेब." अध्यक्ष उठले म्हणून सगळं सभागृह उठायचं. बाई कुठे निघाल्यात ते सगळ्यांना समारंभपूर्वक कळायचं. परतताना पुन्हा तेच. शेवटी बाईंनी क्लबात कॉफी प्यायची सोडली.

असं वर्ष गेलं. मग सिलार्द नावाच्या इंजिनिअरने समेटाचं मनावर घेतलं. हा छप्पन्न सालच्या हंगेरीतल्या उठावानंतर आलेला, बालाटन सरोवराकडचा, बोलायला गोड. त्याचं म्हणणं असं, की दोन्ही नद्यांचं राहू द्या, मी माझ्या आईसारखं कालवण करतो, दोघांनी एका टेबलावर बसून खा. टेबल अगदी उंबऱ्यावर लावलं, निम्मं इकडे, निम्मं तिकडे. सिलार्दने कालवण आणलं. त्यात आंबट साय घातलेली होती आणि वर लिंबू पिळलेलं. रंग गुलाबी.

दोघांनी एकेक चमचा घेतला. दोघांनी चमचे खाली ठेवले. मग विल्माबाईंनी वर्षभरात पहिल्यांदा ओडनकडे सरळ पाहिलं.

"बोद्नारसाहेब, तुमच्या शेवया परवडल्या."

"बाई," ओडन वाटी दूर सारत म्हणाले, "तुमचं नुसतं कालवणही याच्यापुढे अमृत आहे."

त्याच आठवड्यात मी भिंत पाडली. चुलीवर दोन पातेली चढू लागली आणि सगळ्या क्लबाची एकी झाली ती सिलार्दच्या सायीला नावं ठेवण्यात. तो बिचारा यायचाच बंद झाला. त्याची कुणाला खंत वाटली असेल, तर ती फक्त तेर्काला. बाहेरच्या माणसाने घर जोडून दिलं आणि आपण त्यालाच बाहेर काढलं, असं ती मला ऐकवायची. भावाला ऐकवायची तिची छाती नव्हती.

वर्षअखेरीचा नाच जोरात झाला. प्लमची दारू वाहिली. सकाळी ओडन आमच्या घरी आले ते डोक्याला ओला टॉवेल बांधून. तेर्का शांतपणे म्हणाली, "दादा, सिलार्दकडच्या त्या कालवणाला त्यांच्या मुलखात दारुड्याचं कालवण म्हणतात. उतारा आहे तो."

ओडननी टॉवेल सोडून पुन्हा घट्ट बांधला. मग म्हणाले, "बेर्ची, कोट आण."

आम्ही सिलार्दचं दार वाजवलं. आत टेबलाशी विल्माबाई बसल्या होत्या, शाल कपाळावर ओढून, पुढ्यात रिकामी वाटी.

"माझं डोकं दुखत नाहीये," त्या कुणी न विचारताच म्हणाल्या. "चव पुन्हा तपासायला आले होते."

ओडननी वाकायचा प्रयत्न केला, पण डोकं धरून खुर्चीत बसले. सिलार्दने त्यांना वाढलं नाही. तो पळी हातात घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "इथे लपून नाही. क्लबात, सगळ्यांसमोर खाणार असाल तर वाढतो."

ओडननी बाईंकडे पाहिलं. बाईंनी वाटी पुढे केली. "कबूल आहे. आधी वाढ तू."

पातेलं मीच उचलून क्लबात नेलं. तेव्हापासून वर्षाच्या पहिल्या सकाळी क्लब उघडतो आणि माणसं भिंतीच्या आधाराने येऊन बसतात. सिलार्द वाढतो. तो पुढे अध्यक्षही झाला. त्या सकाळी कुणी मोठ्याने बोलत नाही, चमचासुद्धा हळू ठेवतात. एरवी आमच्या क्लबात इतकी शांतता फक्त वीज गेल्यावर ऐकली आहे.