मंजुरीचं हिरवं बटण

आमच्या औषधांच्या कारखान्यात कोणी नुसतं बघायचं, कोणी माहिती भरायची, कोणी मंजूर करायचं, हे सगळं माझ्या हातात. म्हणजे ठरवतात साहेब. मी सॉफ्टवेअरमध्ये खूण करते. आख्ख्या कारखान्याला हक्क वाटले मी, पण स्वतः गोळ्यांच्या एका खोक्यालाही 'मंजूर' म्हणू शकत नाही. वाढपी उपाशी, दुसरं काय!

मंजुरीच्या त्या खुर्चीवर माझा केव्हापासून डोळा होता. मिळाली कोणाला? माझ्या धाकट्या जावेला. तिला इथे चिकटवलं होतं मीच. "त्यांना मंजुरीचा हक्क देऊन टाका," साहेब म्हणाले, आणि मी माझ्याच हातांनी तो दिला. त्या दिवशी सासूबाईंच्या तोंडी तिचंच कौतुक. मला जेवण गेलं नाही.

तेव्हापासून तिचं सगळंच डोळ्यांत खुपतं. तिचं हळू बोलणं, मंजुरी देण्याआधी चष्मा पुसणं, सगळं.

काल सकाळी ती प्रयोगशाळेत गेली आणि मला राहवेना. तिला पडद्यावर काय दिसतं ते एकदा बघू, म्हणून मी माझ्याच नावापुढे मंजुरीची खूण केली. सॉफ्टवेअरने काहीतरी विचारलं. मी न वाचताच 'हो' दाबलं. हिरवं बटण आलं. काय ऐटबाज होतं मेलं! खूण काढायला गेले, तर निघेना. हक्क देणारा आणि मंजूर करणारा माणूस एक असू नये, हा नियम मीच सगळ्यांना घसा कोरडा करून सांगते. सॉफ्टवेअरने तो पाळला आणि हक्क द्यायचं माझं काम काढून घेतलं.

दुपारी बाहेरचे तपासनीस येणार होते. त्यांची खाती मला उघडून द्यायची होती. तोवर हक्क परत आला नसता, तर होती ती खुर्चीही गेली असती. आणि तो परत मिळवायला लेखी कारण हवं, वर मंजुरी हवी. स्वतःच्या अर्जाला स्वतः मंजुरी देता येत नाही, आणि दुसरी मंजुरी देणारी एकच.

ती आली, पडदा बघितला. "वहिनी, हे काय हो?"

"चुकून झालं. तसंच लिही."

तिने चष्मा पुसला. "स्वतःच्या नावापुढे चुकून? खोटं कारण मी मंजूर नाही करू शकत. तुम्हीच शिकवलंय ना?"

इतक्या हळू बोलली की मला आणखीच राग आला. बाहेर गाडीचं दार वाजलं.

"मग लिही," मी म्हणाले, "जावेचा हेवा वाटला म्हणून!"

तिने पुन्हा चष्मा पुसला. मग तिने तेच शब्द जसेच्या तसे लिहिले आणि हिरवं बटण दाबलं. माझ्या पडद्यावरचं हिरवं बटण गेलं आणि माझं काम मला परत मिळालं.

माझ्या हेव्यालासुद्धा मंजुरी तिचीच लागली.