मामांचा मऊ पाय

शर्यतीच्या गाडीला जोर कमी पडतो असं नाही, तो जास्त होतो, हीच तिची रड. वळणातून बाहेर पडताना ड्रायव्हरने ॲक्सिलरेटर दाबला की मागची चाकं जागच्या जागी गरगरतात, रबर जळतं, धूर निघतो आणि गाडी पुढे सरकायचं नाव घेत नाही. माणसांचंही असंच होतं म्हणा, पण ते निरूपण पुन्हा कधी.

हा गरगराट कमी करणं हे कारखान्यातल्या तरुण इंजिनीअरचं, म्हणजे मामांच्या भाचीचं काम. गाडी नव्या घडणीची, एकुलती एक, अजून शर्यतीत न उतरलेली. म्हणून सगळे प्रयोग आधी सिम्युलेटरवर. एका अंधाऱ्या खोलीत गाडीची नुसती बैठक, समोर भिंतभर पडदा, खाली गदागदा हलवणारं यंत्र. त्या बैठकीत बसायचे मामा, तिच्या आईचे सख्खे भाऊ. एके काळी शर्यती मारलेले, आता गुडघ्यांनी घरी बसवलेले. ती मामा म्हणते म्हणून सारा कारखाना त्यांना मामा म्हणतो, त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठ्या असलेल्या मुख्य इंजिनीअर बाईसुद्धा.

त्या दिवशी दोन सेटिंग, म्हणजे स्प्रिंग किती कडक आणि इंजिनचा जोर किती याच्या दोन जुळण्या, तपासायच्या होत्या. एक भाचीची, दुसरी तिच्या चष्मेवाल्या सहकाऱ्याची. जिच्यात चाकं कमी घसरतील ती दुसऱ्या दिवशी खऱ्या गाडीवर चढणार. दोन वर्षांत भाचीची एकही सेटिंग गाडीवर चढली नव्हती. कुठली कोणाची हे मामांना सांगायचं नाही, असा तिथला नियम.

दहा-दहा फेऱ्या झाल्या. चष्मेवाल्याची चाकं एक्केचाळीस वेळा घसरली, भाचीची नऊ वेळा.

"नऊ?" चष्मेवाला म्हणाला. "देव पावला की तुला."

भाची हसली आणि अहवालासाठी आलेख काढायला बसली. मामांचा पाय पेडल किती दाबतो त्याची रेघ पाहिली आणि तिचं हसू ओसरलं. चष्मेवाल्याच्या फेऱ्यांत तिसऱ्या वळणाला ती रेघ भिंतीसारखी सरळ चढत होती. तिच्या फेऱ्यांत उतारावरून म्हातारं माणूस चालावं तशी, जपून.

ती थेट चहाच्या टेबलाकडे गेली.

"मामा, तिसऱ्या वळणाला पाय का आवरता?"

"वय झालं, चिमणे."

"वय काय फक्त माझ्याच सेटिंगला होतं?"

मामांनी बिस्कीट चहात बुडवलं आणि तुटून पडेपर्यंत तसंच धरून ठेवलं.

"माझी कुठली ते तुम्हाला कळलं कसं?"

"अगं, कानातल्या इअरफोनमध्ये तुझाच आवाज असतो ना. त्याच्या वेळी म्हणतेस, निघा. तुझ्या वेळी म्हणतेस, मामा, निघायचं का? मग पाय आपोआप मऊ पडतो. मी काही ठरवून करत नाही गं."

"उद्या गाडीत तुम्ही नसणार. धडाड्या असणार."

धडाड्या म्हणजे संघाचा ड्रायव्हर. तो दारसुद्धा पायानेच उघडतो, अशी त्याची ख्याती.

भाची तोंड शिवून बसली असती तर सेटिंग गाडीवर चढलीच होती. ती बाईंच्या टेबलापाशी गेली, आलेख समोर ठेवला आणि म्हणाली, "तो नऊचा आकडा खरा नाही. ती मामांची माया आहे."

बाईंनी आलेख पाहिला. "मग खरा किती?"

"माहीत नाही."

"पाचपर्यंत वेळ आहे. माहीत करून घे. कानात मी बोलते. आणि दोन्ही सेटिंग पुन्हा होतील, कुठली आधी ते मी ठरवणार."

बाई मंडईत भाव विचारावा तशा कोरड्या आवाजात "निघा" म्हणाल्या. मामांनी पाय दणकून दाबला. चष्मेवाला चाळीसवर आला. भाची बावन्नवर.

चष्मेवाला हसला नाही. खुर्ची ओढून शेजारी बसला. "मागची स्प्रिंग मऊ कर आधी. इंजिनच्या जोराचं नंतर बघ."

"तुझ्याच सेटिंगवर मात करायला मदत करतोयस."

"उद्या धडाड्या भिंतीत गेला तर गाडी आपल्या दोघांनाच दुरुस्त करायची आहे. रात्रभर."

स्प्रिंग मऊ केली, अठ्ठेचाळीस. पेडल अर्धं दाबलं तरी इंजिनने एकदम उसळी मारू नये असं केलं, एक्केचाळीस. आणखी जरा, सदतीस, पण फेरीला वेळ जास्त. थोडं मागे घेतलं. पाचला दहा मिनिटं कमी असताना आकडा आला, अडतीस, आणि वेळही चष्मेवाल्याइतकाच.

मामा घामाघूम होऊन बाहेर आले. "ती शेवटची कोणाची? पाय मारला तरी गाडी रागवेना."

"माझी," भाची म्हणाली.

"आधी सांगायचं नाही का?"

"नाही," भाची आणि बाई एकदमच म्हणाल्या.

बाईंनी फळ्यावर उद्याच्या गाडीपुढे तिच्या सेटिंगचा क्रमांक लिहिला. नऊपुढे अडतीस म्हणजे काही मिरवायचा आकडा नव्हे. भाचीने तो दोनदा तपासला आणि धडाड्याला फोन लावला. "उद्या तिसऱ्या वळणाला जपू नका," ती म्हणाली, "पाय हवा तसा दाबा."