कोनाळवाडीची आठ मतं

“एकशे नऊ. मडिवाळप्पा.”

चन्नबसप्पांनी मतदारयादीवर पेन टेकवून नाव पुकारलं आणि मडिवाळप्पा धोतर सावरत महादेवाच्या गाभाऱ्यासमोर आला. ताटातलं बेलाचं पान त्यानं उचललं, चिमूटभर भंडारा तळहातावर घेतला आणि एका दमात बोलून टाकलं, “बेल-भंडार उचलून सांगतो, माझं मत चतुराबाईला न्हाई.” चन्नबसप्पांनी नावापुढे खूण केली. मडिवाळप्पा भंडारा कपाळाला लावून खांबाच्या सावलीत जाऊन बसला.

उमाशंकर बिरादारचा नंबर एकशे एकतीस होता. गावच्या हायस्कूलमध्ये तो इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवायचा, एकोणीस वर्षं. सभामंडपात भिंतीला पाठ लावून तो बसला होता आणि मनातल्या मनात नंबर मोजत होता. रविवार असल्यानं सगळे घरीच सापडले होते. लातूरला शिकणारी पोरंसुद्धा बापांनी फोन करून बोलावून घेतली होती.

देवणी तालुक्यातल्या या कोनाळवाडीत वॉर्ड क्रमांक दोनच्या एका जागेची पोटनिवडणूक होऊन बारा दिवस झाले होते. चन्नबसप्पांची सून मंजुश्री दोनशे तीन मतं घेऊन निवडून आली. गुलाल उधळून झाला, डीजे वाजून झाला. एखाद्या सुखी माणसाचं एवढ्यावर भागलं असतं. पण चन्नबसप्पा सुखी माणूस नव्हते, ते गावचे पुढारी होते आणि शिवाय शाळेच्या संस्थेचे सचिव. त्यांची नजर दुसऱ्याच आकड्यावर खिळली होती. चतुराबाईला सतरा मतं पडली होती. ओढ्यापलीकडच्या मातंग वस्तीतली चार घरं या वॉर्डात येतात, त्यांची मतं नऊ. ती तिची धरली तरी आठ उरतात, आणि ती आठ वरच्या घरांतून गेली होती. त्या आठांनी चन्नबसप्पांची झोप उडवली. दोनशे तीन माणसांनी मान दिला याचा आनंद नाही, आठ जणांनी दिला नाही याची आग. असल्या माणसांच्या हाती गावं असतात आणि आपण त्यांना अप्पा म्हणतो.

चतुराबाई शाळेत खिचडी शिजवायची. वरच्या घरांतली निम्मी पोरं तिच्या हातचं खायची, निम्मी घरून डबा आणायची, आणि त्याबद्दल गावात कधीच कुणी बोलायचं नाही. ही जागा सर्वसाधारण स्त्रीची होती. गावाच्या समजुतीनं सर्वसाधारण म्हणजे आपली. तुम्हाला सरकारनं राखीव जागा दिल्यात ना, मग इकडं कशाला येता, असा सरळ सवाल. निवडणुकीची नोटीस शाळेच्या भिंतीवर चिकटवली होती. चतुराबाईनं पळी हातात घेऊनच ती एकेक अक्षर लावत वाचली आणि तासावरून बाहेर पडणाऱ्या उमाशंकरला विचारलं, सर्वसाधारण स्त्री म्हणजे कोण? खडू अजून त्याच्या हातात होता. वर्गात सांगावं तसं त्यानं सांगितलं, यादीत नाव असलेली कुठलीही बाई. तिनं विचारलं, म्हणजे मीसुद्धा? तो हो म्हणाला आणि पुढच्या तासाला गेला. ही बाई खरंच देवणीला जाऊन फॉर्म भरेल असं त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. धड्यातलं कुणी घरी नेऊन वापरतं, याची त्याला सवय नव्हती.

फॉर्म मागे घे म्हणून गावातली माणसं तीनदा तिच्या दारात गेली. गाव बिनविरोध झालं तर गावाची शोभा आहे, असं आधी गोडीत सांगितलं. मग नवऱ्याला, सटवाजीला, कुणाच्या शेतात काम मिळणार नाही असं बजावलं. ती एकच वाक्य धरून बसली, “सर म्हनले चालतंय म्हनून.” त्या वाक्यानं उमाशंकरचं नाव देवळाच्या बैठकीत निघालं. चन्नबसप्पांनी त्याला ऑफिसात बोलावून चहा पाजला आणि नोकरी कुणाच्या संस्थेत आहे याची आठवण करून दिली. भावकीतली माणसं त्याला पारावर जागा द्यायची बंद झाली.

मतदानाची खोली म्हणजे त्याचाच नववीचा वर्ग होता. मागच्या भिंतीवर त्यानंच मुलांकडून करून घेतलेला तक्ता होता: मतदान गुप्त असते. पुठ्ठ्याच्या आडोशामागे तो उभा राहिला. चतुराबाईचं नाव दुसरं होतं. बोट तिकडे गेलंही. मग त्याला वाटलं, एवढासा वॉर्ड, बाहेर बसलेल्यांना कुठून तरी कळेलच, आणि बोट वर सरकलं. मशीन वाजलं. एकोणीस वर्षं ज्या फळ्यासमोर त्यानं पोरांना निर्भय व्हायला शिकवलं, तो फळा चार हातांवर होता. त्याला स्वतःची किळस आली आणि बाहेर पडून त्यानं बोटावरची शाई वाळेपर्यंत फुंकर मारली.

एवढंच असतं तरी तो निभावून गेला असता. निकालाच्या दुसऱ्या दिवशी खिचडीची चव घ्यायची पाळी त्याची होती. चतुराबाईनं ताटली पुढे केली आणि इकडे तिकडे बघून हळू आवाजात म्हणाली, “सर, त्या सतरातलं एक कुनाचं हाय, मला ठाव हाय. मरोस्तवर इसरनार न्हाई मी.”

तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. उमाशंकर म्हणाला, “मीठ बरोबर आहे.”

आणि खरं सांगायचं तर ते त्याला आवडलं. तेव्हापासून ती त्याला बघून पदर सारखा करायची, सटवाजी वाटेत भेटला की थांबून हात जोडायचा, आणि आपण धाडसी आहोत असं गावातल्या दोन माणसांना वाटतंय या विचारानं त्याला गाढ झोप लागायची. फुकटचं मोठेपण असंच असतं, ते परत करायला माणसाचा हात धजत नाही.

सकाळी शपथा सुरू होण्याआधी चन्नबसप्पांनी भाषण केलं होतं. देवळासमोरच्या हुतात्मा स्तंभावर त्यांच्या आजोबांचं नाव आहे, त्याकडे हात करून ते म्हणाले, “रझाकाराच्या टायमाला ह्या गावातलं एक मानूस फुटलं न्हाई. आन् आज आठ फुटले. ही गद्दारी कुनाची, ती म्हादेवाफुडं कळू द्या.” माणसांनी माना डोलावल्या. ज्यांना हे सगळं पोरकट वाटत होतं त्यांनी इतरांपेक्षा जरा जास्तच डोलावल्या.

उमाशंकरला ती गोष्ट पाठ होती. दर सतरा सप्टेंबरला झेंडावंदनानंतर तोच ती पोरांना सांगायचा. निजामाच्या राजवटीच्या शेवटच्या वर्षी गावातली पाच पोरं रानात लपली होती. त्यांची नावं निजामाच्या पोलीस अमिनाला कळू नयेत म्हणून याच देवळात गावानं बेल-भंडार उचलला होता. चावडीवर बाप्यांची कातडी सोलून निघाली, पण नाव कुणी घेतलं नाही. त्या वेळी शपथ तोंड बंद ठेवायची होती, आज तोंड उघडायला लावायची आहे, एवढं एक वाक्य उठून बोललं असतं तरी पुरे होतं. निदान दोन-चार म्हाताऱ्यांना तरी ते पटलं असतं. त्यानं घसा साफ केला. चन्नबसप्पांनी त्याच्याकडे बघितलं, आणि त्यानं पाणी मागवलं.

चतुराबाई देवळाच्या भिंतीबाहेर, रस्त्याकडेच्या दगडावर येऊन बसली होती. दोघा-तिघांनी तिला घरी जायला सांगितलं. तिनं एवढंच म्हटलं, “रस्ता सरकारी हाय.” उन्हात पदर डोक्यावर ओढून ती एकेक शपथ ऐकत होती. मातंग वस्तीतल्या नऊ जणांना शपथेला बोलावलंच नव्हतं. त्यांची मतं धरून चालली होती, जशी त्यांची सगळीच कामं धरून चालतात.

“एकशे एकतीस. बिरादार सर, या.”

मंडपात कुजबुज झाली. बायकांमध्ये त्याची बायको मान खाली घालून बसली होती. संशय सगळ्यांचा त्याच्यावरच होता. उमाशंकर उठला. बेलाचं पान हातात घेतलं तेव्हा दारातून त्याला बाहेरचा दगड आणि चतुराबाईचा गुडघा तेवढा दिसला. सांगणार नाही, मत माझं आहे, असं म्हणता येत होतं. त्यानंतर संस्थेनं त्याला काय केलं असतं तेही त्याला ठाऊक होतं. आणि गंमत अशी की त्याला खोटंही बोलायचं नव्हतं. जे खरं होतं तेच बोलायचं होतं, आणि तेच जिभेवर येईना.

“बेल-भंडार उचलून सांगतो,” तो म्हणाला, “माझं मत चतुराबाईला न्हाई.”

आवाज मध्येच चिरकला. चन्नबसप्पांनी त्याच्या डोळ्यांत निरखून बघितलं, गावात माणसं ओळखण्यात आपला हातखंडा आहे असं ते मानायचे, आणि हसून खूण केली. सर आपलेच आहेत, उगीच लोकांनी नाव घेतलं, असं ते मोठ्यानं म्हणाले. दोघांनी सरकून उमाशंकरला खांबाच्या सावलीत जागा दिली. तो बसला.

पुढे म्हाताऱ्या दानम्मापासून परवाच मतदार झालेल्या पोरीपर्यंत सगळ्यांनी भंडारा उचलला. कुणाचा आवाज कापला नाही. कुणी अडखळलं नाही. दुपारी दोन वाजता यादी संपली. दोनशे अकरा माणसं, दोनशे अकरा खुणा, आणि चतुराबाईला मत कुणीच दिलेलं नाही. यादीकडे बघताना चन्नबसप्पांच्या कानशिलावरची शीर उडत होती. या मंडपात देवासमोर आठ जण बेडरपणे खोटं बोलले होते आणि एकाचीही पापणी लवली नव्हती. उमाशंकरनं भोवतालच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली. एकोणीस वर्षांत त्याला या गावाबद्दल इतकं कौतुक कधी वाटलं नव्हतं, आणि स्वतःबद्दल इतकी शरम.

चन्नबसप्पांनी यादीची गुंडाळी केली. आठ जणांना महादेव बघून घेईल, असं बजावलं. मग उमाशंकरला बाजूला घेऊन ते म्हणाले, “उद्यापासून खिचडीला दुसरी बाई येनार हाय. चतुराबाईला तुमीच सांगा, सर. तुमचं ऐकते ती.”

तो बाहेर आला. चतुराबाई दगडावरून उठून उभी राहिली. माणसं अजून मंडपातच रेंगाळत होती. त्यानं तोंड उघडायच्या आधी तीच बोलली.

“सर, तोंड असं पाडू नका. माझ्यापायी आठ मानसं देवाफुडं खोटं बोलली. तुमचा तर आवाज बी फुटंना, ऐकला मी. पाप लागायचं ते मला लागू द्या. तुमी मनाला लावून घेऊ नका.”

पुन्हा एकदा गप्प बसलं की झालं असतं. तिच्या लेखी तो आयुष्यभर त्या आठांतला राहिला असता, आणि ही गोष्ट कुणालाही, कधीही कळली नसती. त्याच्या मनानं तेही करून बघितलं. मग तिचा घामेजलेला, त्याच्या काळजीनं ओढलेला चेहरा त्याला सोसवेना.

“चतुराबाई, मी खोटं बोललो नाही,” तो म्हणाला.

तिला कळलं नाही.

“मी खरंच बोललो. माझं मत तुम्हाला नव्हतं.”

ती बघत राहिली. रस्त्यावरून एक मोटारसायकल गेली, धूळ उडाली, तिनं डोळे मिटले नाहीत.

“मंग त्या दिवशी कामून न्हाई सांगितलं?”

तो खिचडीचं सांगू लागला, उद्यापासून, म्हणाला, आणि तिनं मध्येच थांबवलं. अप्पांचा आवाज मोठा असतो, ऐकू आलं, कढई घासून ठेवली आहे आणि किल्ली खिडकीत आहे, एवढं तिनं सांगितलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं एकदा सरळ त्याच्या डोळ्यांत बघितलं, चांगलं सावकाश, जसं एखाद्या परक्या माणसाला बघावं. मग लुगडं झटकलं आणि ती निघाली.

देवळातून माणसं बाहेर पडली होती. तिची वाट वरच्या घरांच्या गल्लीतूनच होती. दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर बाया-बाप्ये येऊन उभे राहिले होते, दानम्मा होती, मडिवाळप्पा होता. त्यांच्यामधून चतुराबाई पायांपुढची हातभर जमीन बघत चालली होती. तिनं मान वर केली नाही, डावीकडे बघितलं नाही, उजवीकडे बघितलं नाही. चन्नबसप्पा देवळाच्या पायरीवरून तिच्यावर नजर ठेवून होते. अपमानानं तिची मान खाली गेली आहे, असं उमाशंकरला आधी वाटलं. गल्ली अर्धी सरली तेव्हा त्याला उमगलं. तिची नजर कुठल्या तरी ओट्यावर क्षणभर जास्त थांबली असती, तर तेवढ्यावरून गावानं एकाला धरलं असतं. म्हणून ती कुणाकडेच बघत नव्हती.

सगळ्या गावात तिनं मान वर करून फक्त उमाशंकरकडे बघितलं होतं. त्याच्याकडे बघण्यात कुणाचंच काही बिघडणार नव्हतं.