गाडीला लावलेली कपाटाची काच

मित्रांनो, मी गाडीचा एक जुना आरसा आहे. खरे सांगायचे तर माझी चौकट तेवढी गाडीची आहे, काच मात्र कपाटाची आहे. हे कसे घडले ते ऐका. हसू आले तर खुशाल हसा, मला येत नाही.

कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा माझी काच किंचित फुगीर होती. फुगीर काचेत मागच्या गाड्या लहान दिसतात, पण बाजूचा सगळा रस्ता तिच्यात मावतो. चालकाच्या पलीकडच्या दाराला मला बसवले आणि आमची कोरी गाडी एका घरी आली. गाडी त्या घरच्या बाई चालवत. त्या घरोघरी जाऊन आजारातून उठलेल्या माणसांना हातपाय हलवायचे व्यायाम शिकवायच्या. आधी मला रुमालाने पुसत, मगच किल्ली फिरवत. ती माझी सुखाची वर्षे होती.

साहेब म्हणजे बाईंचे यजमान. त्यांना गाडी क्वचितच लागे, पण गाडीतले सगळे काही कळे. एका सुट्टीच्या दिवशी गाडी मागे घेताना त्यांनी मला फाटकावर आपटले आणि माझी काच फुटली.

"फाटकच मेलं अरुंद आहे," ते म्हणाले.

"गॅरेजमध्ये देऊ या का?" बाईंनी विचारले.

"एवढ्याशा आरशाला गॅरेज? घरच्या घरी करतो की!"

आणि केले. दाराच्या आतले तिकोनी झाकण त्यांनी स्वयंपाकघरातल्या उलथन्याने उचकटले. मला धरून ठेवणारे तीन नट काढले, त्यातला एक दाराच्या पोटात पडला. "दोन पुरेत," म्हणाले. वायर ओढताना तुटली, म्हणून आतून मला वळवायचे बटण कायमचे बंद पडले. मग अडगळीतल्या कपाटाची सपाट काच माझ्या मापाने कापून त्यांनी मला चिकटवली. दाराबाहेर उभे राहून माझ्यात पाहिले आणि केसांवरून हात फिरवला.

"बघ, चेहरा कसा लख्ख दिसतोय! कंपनीच्या काचेत दिसत होता का एवढा?"

शेजारच्या काकांनीही त्यांची पाठ थोपटली. मित्रांनो, माझे इतके कौतुक आधी कधी झाले नव्हते, आणि इतका बिनकामाचाही मी आधी कधी नव्हतो.

दुसऱ्याच दिवशी बाई म्हणाल्या, "अहो, या बाजूचं काही दिसतच नाही. नुसतं आपलं दार दिसतंय. एकदा इथं बसून बघा ना."

"मी काय बघू? मीच बसवलाय तो. होईल सवय."

सवय व्हायच्या आत जे व्हायचे ते झाले. एका वळणावर बाईंनी माझ्याकडे पाहिले. माझ्यात दाराशिवाय काहीच नव्हते. प्रत्यक्षात तिथे एक म्हातारे शिंपी स्कूटरवरून येत होते. ते पडले, त्यांचा हात मोडला. बाई रस्त्यात बसून तो हात धरून राहिल्या आणि रडत होत्या. मी ओरडून सांगणार तरी कसे?

घरी साहेब म्हणाले, "नुसता आरसा असून काय उपयोग? बघायला लक्ष लागतं."

त्या दिवसापासून बाईंनी किल्लीला हात लावला नाही. जवळच्या घरी त्या चालत जात. लांबच्या माणसांनी दुसरीकडे सोय पाहिली. अर्धांगवायू झालेल्या एक आजी बाईंच्या हाताला धरून नुकत्याच उभ्या राहू लागल्या होत्या, त्या पुन्हा अंथरुणाला खिळल्या, असे बाई एकदा फोनवर सांगत होत्या.

पुढे गाडी साहेबांकडे आली. एका सकाळी ते बाजूला वळू लागले आणि कर्कश भोंगा वाजला. शेजारून एक रिक्षा घासूनच गेली. साहेबांनी गाडी थांबवली. माझ्याकडे पाहिले, मान पुढे केली, मागे केली. मग मान वळवून खिडकीतून पाहिले. तिथे अख्खा रस्ता होता आणि माझ्यात नुसते दार होते. त्यांना कळले. कपाटाच्या काचेत चेहरा खरेच लख्ख दिसतो.

त्याच आठवड्यात त्यांनी मला उतरवले आणि कंपनीचा नवा आरसा आणून बसवला, या वेळी तिन्ही नट घट्ट आवळून. बाई दारात उभ्या होत्या.

"का बदललात?"

"हलत होता जरा."

बाई पुढे आल्या. "त्या दिवशी आरशाचाच दोष नव्हता ना हो?"

मी साहेबांच्याच हातात होतो. मला वाटले, आता तरी सांगतील.

"छे! आरसा चांगला होता."

"मग माझंच चुकलं," बाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

आता मी माळ्यावर रंगाच्या डब्यांमागे पडलो आहे. मित्रांनो, आरशाची निगा राखा हे तर मी सांगेनच. पण कुणी "मला दिसत नाही" म्हणाले, तर बाहेर उभे राहून त्याला शहाणपण शिकवू नका. दार उघडा, त्याच्या जागेवर बसा आणि बघा. साहेब त्या जागेवर बसले, त्यांनी पाहिले, आणि तरीही बाईंना सांगितले नाही. खाली नवा आरसा लख्ख आहे, त्याच्यात सगळा रस्ता दिसतो, आणि बाई चालत जातात.