चार सूत आणि बारा

जावईबापूंना आवरायचा रोग होता. सासूबाईंना याहून सौम्य शब्द सापडत नव्हता, आणि सौम्य शब्द शोधत बसायची त्यांना सवयही नव्हती. एखादीचा जावई दारू पितो, एखादीचा पत्ते कुटतो, ती गाऱ्हाणी निदान चार बायकांत सांगता तरी येतात. आमचा जावई गॅरेज पुसतो, हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

औषधाच्या दुकानात नोकरीला होता माणूस. दुकान बंद पडलं तसा बायकोच्या मागोमाग सासरी आला आणि गॅरेजात शिरला. आल्या आल्या पाने लांबीप्रमाणे टांगले. ग्रीसचे डबे झाकणं वर करून ओळीत उभे केले. फडक्यांच्या घड्या केल्या. ज्या फडक्यानं इंजिन पुसायचं त्याची घडी! सासूबाईंनी ती घडी चिमटीत धरून सगळ्यांना दाखवली होती. "ही देवापुढे ठेवायची की तेलात बुडवायची, जावईबापू?" गॅरेजातला मिस्त्री पोट धरून हसला होता. जावईही हसला होता, थोडासा.

गॅरेज सासूबाईंचं होतं. नवरा गेल्यावर विकून टाका म्हणणारे खूप भेटले. त्यांनी नाही विकलं. शाळेत त्या जेमतेम दोन इयत्ता टिकल्या होत्या, पण नट हातात घेतला की तो कोणत्या डब्यातला ते अंगठा सांगायचा. डब्यांवर कधी चिठ्ठी चिकटवली नाही. ज्याला माहीत नाही त्यानं हात घालू नये, असा कायदा होता.

एकदा जावयानं विचारलंही होतं. "आई, हे दोन डबे एकाच मापाचे दिसतात. वेगळे कशाला?"

"डोळेही एकाच मापाचे असतात. एक काढून ठेवता का?"

पुन्हा सगळे हसले. तो विषय तिथेच मिटला, असं सासूबाईंना वाटलं.

आज दुपारी त्यांना एका जुन्या ट्रेलरसाठी चार सुती नट हवा होता. चार सूत म्हणजे अर्धा इंच. जुन्या गाड्यांना तेच माप, नव्या गाड्यांना बारा एमएम. फळीवर हात घातला तर डबा जागेवर नाही. त्याच्या जागी नटबोल्टांनी भरलेला प्लास्टिकचा पारदर्शक खोका, त्यावर सुबक अक्षरात बाराचा आकडा. त्यांनी नट उचलला आणि ट्रेलरच्या बोल्टवर फिरवला. चढेना. दुसरा घेतला. तो लोण्यासारखा गेला. तिसरा पुन्हा अडला.

सासूबाईंचा हात थांबला.

त्यांनी खोक्यातले दोन बोल्ट काढले आणि दाराच्या उजेडात आडवे धरून एकाचे आटे दुसऱ्याच्या आट्यांत बसवून पाहिले. पहिले दोन दात नीट बसले. पुढे एकाचा दात दुसऱ्याच्या दातावर चढला आणि मधून उजेड दिसायला लागला. एक इंची, एक एमएमचा. दोन्ही डबे या एकाच खोक्यात ओतले होते.

"जावईबापू."

आवाज इतका हळू होता की तो लगबगीनं आला. सासूबाई हळू बोलल्या की गॅरेजात सगळेच सावध व्हायचे.

"या खोक्यातले नट कुठे कुठे लावलेत?"

"अजून कुठेच नाही." मग त्यानं मान वर केली, आणि चेहऱ्यावरचा रंग उतरला. "वर. पुलीच्या पट्टीला. काल पुली पुढे सरकवली ना, जुने नट गंजले होते म्हणून मी..."

पुढचं सासूबाईंनी ऐकलं नाही. त्याही वरच बघत होत्या.

छताखालच्या लोखंडी तुळईला एक जाड पट्टी चार बोल्टांनी आवळलेली होती. पट्टीला चेन-पुली, पुलीला साखळी, आणि साखळीला टेम्पोचा गिअरबॉक्स. दोन माणसांच्या वजनाचं ओतीव लोखंड. टेम्पोची केबिन पुढे कलती केलेली, गिअरबॉक्स वरून खाली सोडलेला, आणि त्याच्याखाली, गोणपाटावर उताणी, त्यांची लेक. गिअरबॉक्स तिच्या छातीपासून वीतभर वर होता.

बोल्ट चांगले होते. बाराचे, डोक्यावर ताकदीची आठ पॉइंट आठची खूण असलेले, सासूबाईंनी स्वतः पारखून आणलेले. तसा एकेक बोल्ट अख्खा गिअरबॉक्स पेलतो. पण बोल्टची ताकद बोल्टात एकट्यात नसते, ती नटाच्या आट्यात अडकलेली असते. चार सुती नटाचं भोक बाराच्या बोल्टला केसभर मोठं. नट चढतो, आधी ढिला फिरतो. मग दोघांच्या आट्यांची चाल जुळत नाही म्हणून मध्येच आवळतो, आणि आवळणाऱ्याला वाटतं, वा, काय घट्ट बसला! पानाही दोन्हींना तोच लागतो. प्रत्यक्षात दातांची फक्त टोकं एकमेकांना टेकलेली असतात. वजन आलं की टोकं सोलली जातात.

"चारही तसलेच लावलेत?"

"माहीत नाही. जे हाताला आले ते."

मिस्त्रीचा हात साखळीवर होता. सासूबाई त्याच्याजवळ गेल्या. "सोड. अलगद. ओढू नकोस आणि खालीही सोडू नकोस."

मिस्त्रीनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता हात काढून घेतला.

"मिस्त्रीकाका, काय झालं?" खालून लेकीचा आवाज आला. "बोटभर सोडा अजून. शाफ्ट तोंडाशी आलाय. एक हिसका दिला की बसला."

"हिसका दिलास तर बघ!" सासूबाई टेम्पोपाशी वाकल्या. गुडघे करकरले. "पोरी, आहेस तशी राहा. हसायचं नाही, खोकायचं नाही."

"आई, आता काय नवीन?"

"वरची पट्टी धड नाही. हात काढता येतील?"

 लेकीचा आवाज आता बारीक झाला होता. "नाही. शाफ्ट जेमतेम तोंडात आहे, गिअरबॉक्सचं मागचं टोक मी धरलंय. सोडलं तर हा झुलणार."

झुलला की हिसका, हिसका बसला की पट्टी. हे कुणालाच समजावून सांगायची गरज नव्हती. जावईही समजून चुकला होता. त्यानं वजन उचलायचा बाटली-जॅक आणला होता. वर ठेवायला लाकडाचा ठोकळाही काखेत होता.

"तुम्ही नाही," सासूबाई म्हणाल्या. "मिस्त्री जाईल."

मिस्त्रीनं आपल्या पोटाकडे पाहिलं. ते पोट टेम्पोखाली जाणार नव्हतं. सासूबाईंचे गुडघे तर वाकूनच रुसले होते. जावई तोवर जमिनीवर आडवा झाला होता, पांढऱ्याशुभ्र शर्टासकट, आणि पालीसारखा सरपटत आत निघाला होता.

सासूबाईंना त्याचा राग आला, आणि त्याच्यावाचून इलाज नाही याचा त्याहून जास्त आला. त्यांनी गाल फरशीला टेकवला. "कशाला धक्का लावू नका. जॅक तिच्या कमरेशी उभा करा. गिअरबॉक्सच्या शेपटीखाली नको, तिथून निसटेल. मधल्या पोटाखाली. सपाट जागा लागतेय का हाताला?"

"लागली."

"ठोकळा ठेवा. आडवा. आता दांडा मारा. हळूऽऽ. औषध थेंबाथेंबानं मोजत होता ना, तसं."

जॅकचा दांडा खाली गेला, वर आला. लेक नवऱ्याकडे बघत नव्हती. ती डोळे मोठे करून वर बघत होती. पुन्हा दांडा. ठोकळा लोखंडाला टेकला, आणि नेमकं तेव्हा वरून कर्र असा आवाज आला. दात खावेत तसा. पट्टीचा एक कोपरा तुळईपासून नखभर सुटला. उजेडाच्या पट्ट्यात लोखंडाचा बारीक चुरा चमकत खाली आला आणि लेकीच्या कपाळावर बसला.

लेकीनं डोळे मिटले. हात मात्र हलवले नाहीत.

"थांबू नका!" सासूबाई ओरडल्या. "मारा दांडा! आता हळू नको!"

जावयानं दांडा मारला. पुन्हा मारला. त्याचा श्वास बाहेरपर्यंत ऐकू येत होता. साखळी आधी थरथरली, मग तिची एक कडी तिरकी झाली, आणि मग ती जुन्या दोरीसारखी सैल पडली. भार जॅकवर आला होता.

"आता हात सोड, पोरी. ये बाहेर."

लेक पाठीवरून सरकत बाहेर आली. सासूबाईंनी तिचं मनगट धरून ओढलं आणि ती बाहेर आल्यावरही सोडलं नाही. मागून जावई आला. शर्टाचं पोतेरं झालं होतं.

मिस्त्री शिडी लावून वर चढला. पहिल्या दोघांना पाना लावायची गरजच पडली नाही. एक नट त्यानं दोन बोटांनी बोल्टवरून सरळ उपसून काढला. त्याच्या आट्यांत चकचकीत चुरा भरला होता. दुसरा तसाच निघाला. तिसराही चार सुतीच होता, अजून धरून होता एवढंच. चौथ्याला मात्र पाना लावावा लागला. तो बाराचा होता.

सासूबाईंनी उपसलेला नट तळहातावर घेतला आणि जावयासमोर धरला. "हा आवळताना हाताला काहीच लागलं नाही?"

नाही म्हणाला असता तर प्रश्न मिटला असता. औषधाच्या दुकानातला माणूस, त्याला काय कळणार, असं म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं असतं. त्यानं एकदा बायकोकडे पाहिलं. ती कपाळ पुसत होती, फडक्याची घडी न मोडता.

"लागलं," तो म्हणाला. "आधी डगडगत होता, मग एकदम अडला. कालच वाटलं होतं, विचारावं म्हणून."

"मग?"

"तुम्ही बोलला असता."

मिस्त्री शिडीवरच थांबला. त्याला उतरायचं होतं, पण आता खाली येणं बरं दिसलं नसतं. लेक आईकडे बघायला लागली. ती नजर सासूबाईंना वरच्या त्या कर्रपेक्षा जड गेली. त्यांनी नट मुठीत मिटला. सोललेल्या आट्याची कड तळव्यात रुतली.

"बोललेच असते," सासूबाई म्हणाल्या. "चारचौघांत बोलले असते, आणि मिस्त्री हसला असता. माझी जीभ या वयात सरळ होणार नाही, ती आशा सोडा. पण माझ्या बोलण्यानं आजवर कुणाचं हाडूक मोडलं नाही, जावईबापू. तुमच्या गप्प बसण्यानं आज माझी पोर गेली असती. तेव्हा हाताला खटकलं की विचारायचं. मी बोलेन, ते ऐकून घ्यायचं, आणि उत्तर मिळेपर्यंत परत परत विचारायचं. मी उत्तर न देता नुसतीच बोलत राहिले, तर तो गुन्हा माझा. आणि विचारलं नाहीत, तर तुमचा."