उशिरा गेलो जयगडला

विनीत गेला त्याला दीड वर्ष होईल. मिरकरवाड्याच्या जेटीवर एका बोटीचं इंजिन उघडून बसला होता, तिथेच हृदयविकाराचा झटका आला. वय एकोणपन्नास.

रत्नागिरीत आम्हा ख्रिस्ती लोकांची घरं मोजकी. सत्तावीस वर्षांपूर्वी आमच्या चर्चच्या मंडळीतली तरुण मुलं उपासना संपायच्या आधीच मागल्या दाराने निसटायची. त्यांच्यासाठी काहीतरी करू या, हे विनीतच्या डोक्यातून आलं. मी तेव्हा नवा शिक्षक, अर्ज आणि ठराव लिहायला बरा. पाळकसाहेबांची परवानगी मी मिळवली, मुलं त्याने गोळा केली. शनिवारी संध्याकाळी देवळामागच्या (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) खोलीत तरुण संघ भरू लागला. विनीत गिटार वाजवायचा आणि बायबलमधली गोष्ट अशी सांगायचा की गालीलचा समुद्र म्हणजे आपली भाट्याची खाडीच वाटावी. मुलं मला मान द्यायची. जीव त्याच्यावर टाकायची.

बारा वर्षं अशी गेली. मग जयगडच्या बंदरावर काम वाढलं आणि कंत्राटदारांकडे झारखंडची माणसं आली, त्यांत कितीतरी ख्रिस्ती. विनीत बोटीच्या कामाला तिकडे गेला आणि त्यांना भेटून आला. त्यांना संघात घेऊ या, म्हणाला; शनिवारी त्यांना सुट्टी नसते, तर रविवारी दुपारी आपण तिकडे जाऊ. मी बैठकीत विरोध केला. भाषा वेगळी, गाणी वेगळी, आज आहेत उद्या नाहीत, असं मुद्देसूद मांडलं. संघ वाढला तर तो विनीतचा होईल, ही भीती मात्र कोणापाशी बोललो नाही. बैठकीने माझं ऐकलं. विनीतने वाद घातला नाही. पुढच्या रविवारपासून तो एकटाच एसटीने जयगडला जाऊ लागला.

आमचं बोलणं तुटलं नाही. दर नाताळला तो करंज्यांचा डबा घेऊन घरी यायचा आणि निघताना म्हणायचा, "एकदा चल रे माझ्याबरोबर." मला पेपर तपासायचे असायचे.

संघाला वीस वर्षं झाली तेव्हा स्मरणिका मीच लिहिली. संस्थापक म्हणून नाव माझं एकट्याचं. विनीतचं नाव 'यांचेही सहकार्य लाभले' या यादीत, मंडपवाल्याच्या वर. त्याने ती पानं उलटून पाहिली आणि छपाई चांगली झाली म्हणाला.

अंत्यविधीला जयगडहून दोन टेम्पो भरून माणसं आली, कामाच्या कपड्यांतच. सिलास नावाच्या क्रेनचालकाने मला, संघाचा सेक्रेटरी म्हणून, विचारलं, आम्ही दादांसाठी एक गाणं म्हणू का? कार्यक्रम ठरलेला आहे, वेळ नाही, असं मी सांगितलं. नंतर मी स्वतः पंधरा मिनिटं बोललो. दफन झाल्यावर ती माणसं कबरीपाशीच थांबली. मी फाटकाशी पोचलो तेव्हा मागे गाणं सुरू झालं. विनीतची बायको, शमिकावहिनी, अर्ध्या वाटेवरून माघारी वळल्या आणि त्यांच्यात जाऊन उभ्या राहिल्या. मी घरी आलो.

ते मनातून जाईना. चार महिन्यांनी एका रविवारी जयगडला गेलो. भाड्याच्या खोलीत चटयांवर तीसेक जण बसले होते. सिलासने मला ओळखलं, खुर्ची दिली.

"स्वरूपदादांनी तरुण संघ काढला," त्याने सगळ्यांना सांगितलं. "विनीतदादा नेहमी म्हणायचे, मी नुसता गिटार वाजवायचो."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घालून त्या स्वीकारल्या.

त्याच संध्याकाळी वहिनींकडे गेलो. स्मरणिका वाचून त्याला वाईट वाटलं होतं का, विचारलं.

"वाटलं. दोन दिवस धड जेवले नाहीत. मग म्हणाले, स्वरूपला ते नाव हवं असेल तर असू दे, पण तो जयगडला यायला हवा होता."

पुढच्या रविवारी मी त्या खोलीत उभा राहून सांगितलं की संघाची कल्पना विनीतची, मी ती स्वतःच्या नावावर छापली, आणि त्याच्यासाठी तुम्हाला गाऊही दिलं नाही. सिलासने माझ्याकडे पाहिलं, मग वही उघडून पुढचं गाणं सांगितलं.

तेव्हापासून रविवारी जातो. त्यांना माझी फारशी गरज नाही. गाणी मला अजून नीट येत नाहीत, मागे बसून ओठ हलवतो. गेल्या महिन्यात नव्याने आलेल्या एका मुलीने विचारलं, विनीतदादांबरोबर तुम्हीही इथे यायचात का?

"नाही," मी म्हणालो. "एकदाही नाही."